30 मिलिमीटर आणि पान नंबर 7

माझी गाडी 2013 सालची फोक्सवॅगन गोल्फ. सातवी पिढी, 1.4 टीएसआय पेट्रोल इंजिन, 140 हॉर्सपॉवर, साधे हॅलोजन दिवे. 2021 मध्ये श्टुटगार्टजवळ राहायला आल्यावर सेकंडहँड घेतली. गाडी गुणी, तक्रार एकच: पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यात एवढी फट, की माझी आडवी मूठ आरामात आत जायची. आखूड पँट घातलेल्या पोरासारखी दिसायची. शेजारच्या गल्लीत तशीच एक गोल्फ उभी असते, थोडी खाली बसवलेली. तिच्याकडे मी दोन वर्षं बघत होतो.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोघांनी विचारलं, "गाडी लो केलीस ती कायदेशीर आहे का, आणि किती पैसे गेले?" मी तिथं दोन ओळींत उत्तर दिलं आणि ते अर्धवट होतं. पूर्ण उत्तर हे.

आपल्याकडे हौशी लोक गाडी खाली कशी करतात ते सांगलीत असताना पाहिलंय. गॅरेजवाला स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरनं उडवतो, उरलेली परत बसवतो, संध्याकाळी गाडी घरी. खरं तर भारतातही मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण ते कोण मोजतंय, असा आपला हिशेब असतो. इथं मोजतात. टेप लावून मोजतात.

जर्मनीतला नियम थोडक्यात असा. सस्पेन्शन बदललं की गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवाना आपोआप संपू शकतो. दंड वगैरे पुढची गोष्ट. कागदोपत्री ती गाडीच राहत नाही. ते टाळायचं तर बसवलेल्या भागासोबत त्याचं तपासणी-प्रमाणपत्र लागतं. मी हे केलं तेव्हा, 2023 मध्ये, स्प्रिंगच्या बाबतीत ते बहुतेक वेळा 'टाइलेगुटाख्टेन' या नावाचं असायचं. टाइल म्हणजे सुटा भाग, गुटाख्टेन म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल. तो अहवाल आणि गाडी घेऊन ताबडतोब तपासणी केंद्रात जायचं, इंजिनिअर बघणार, सही करणार, मग नोंदणी कार्यालयात जाऊन ते गाडीच्या कागदात चढवायचं. अहवालच नसेल तर रस्ता आणखी लांबचा: एकट्या तुमच्या गाडीची स्वतंत्र मंजुरी. खर्चही त्याच मापात. त्यामुळे पहिली टीप: स्वस्त मिळतंय म्हणून कागद नसलेली स्प्रिंग घेऊ नका. वापरलेली घेत असाल तर विकणाऱ्याकडून अहवालाची प्रत आणि स्प्रिंगवर छापलेल्या नंबरचा फोटो आधी मागा.

लोक या सगळ्या तपासणीला सरसकट 'ट्यूफ' म्हणतात, आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. प्रत्यक्षात डेक्रा, गेटेउ, क्यूस अशा इतर संस्थाही हे काम करतात. ट्यूफचं मूळ वाफेच्या बॉयलरांत आहे. 1865 मध्ये मानहाइमच्या एका बिअर कारखान्यात बॉयलर फुटला आणि 1866 मध्ये त्याच शहरात बॉयलर तपासणारा जर्मनीतला पहिला संघ निघाला. मला हे आधी माहीत असतं, तर तपासनीस माझ्या स्प्रिंगकडे बॉयलरकडे बघावं तसा का बघत होता ते तेव्हाच कळलं असतं.

मार्च 2023 च्या सुरुवातीला शोध सुरू केला. पर्याय दोन होते. एक, उंची कमीजास्त करता येणारा, आटे पाडलेला पूर्ण संच; स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही नवीन. दुसरा, शॉकअप मूळचेच ठेवून फक्त आखूड आणि थोड्या कडक स्प्रिंगा. पहिला दिसायला भारी, पण तिप्पट खर्च, आणि मला उंची सारखी बदलत बसायची नव्हती. दुसऱ्यात 30 मिलिमीटर खाली जाणाऱ्या स्प्रिंगा होत्या. 50 वाल्याही होत्या, पण मूळच्या लांबीच्या शॉकअपवर तेवढ्या आखूड स्प्रिंगा घातल्या की चाक हवेत लटकताना स्प्रिंग सैल होऊन जागची हलू शकते. शिवाय माझे शॉकअप चांगले होते, 90 हजार किलोमीटर झालेले, तेल कुठं पाझरलेलं नाही. तेल दिसलं असतं तर नुसत्या स्प्रिंगा घालण्यात अर्थ नव्हता.

22 मार्चला, गुढीपाडव्याला, ऑर्डर केली. बायको म्हणाली, "पाडव्याला लोक नवीन गाडी घेतात. तू आहे तीच बुटकी करतोयस." नऊ दिवसांनी खोकं आलं: चार स्प्रिंगा आणि अहवालाचा गठ्ठा.

आता इथं मी जे केलं ते तुम्ही करू नका. पहिली पाच पानं नीट वाचली. गाडीच्या नोंदणीपत्रात 2.1 आणि 2.2 या रकान्यांत उत्पादकाचा आणि मॉडेलचा क्रमांक असतो, 8.1 आणि 8.2 मध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर किती किलो भार चालतो तो आकडा. हे सगळं अहवालातल्या तक्त्याशी जुळवायचं, कारण एकाच गोल्फला डिझेल इंजिन असेल तर पुढचा भार वाढतो आणि स्प्रिंगचा नंबर बदलतो. सातव्या गोल्फमध्ये आणखी एक मेख आहे: कमी ताकदीच्या गाड्यांना मागं एकसंध वळणारा अ‍ॅक्सल, जास्त ताकदीच्यांना चार-चार आर्म असलेला. माझी दुसऱ्या प्रकारातली. खाली वाकून, टॉर्च मारून, खात्री केली. आकडे जुळले, मी खूश झालो आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला. पान 7 वर 'अटी आणि सूचना' होत्या. त्यावर नजर टाकली होती. वाचलं नव्हतं.

स्प्रिंगांसोबत आणखी काही गोष्टी घेतल्या. पुढच्या स्ट्रटच्या (म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) डोक्यावरची रबरी माउंटिंगं आणि त्यांची बेअरिंगं, कारण तिथपर्यंत उघडलंच आहे तर दहा वर्षांचं रबर परत कशाला बसवा. वळणात गाडी झुकू न देणाऱ्या दांडीच्या, अँटी-रोल बारच्या, लिंक. चारही शॉकअपमधले, शेवटचा धक्का झेलणारे ठोकळे, म्हणजे बंप स्टॉप, धुळीच्या रबरी नळ्यांसकट. आणि बोल्ट. हे बोल्ट प्रकरण मला नवीन होतं. सस्पेन्शनचे बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ठरावीक टॉर्कला आवळायचे आणि मग वर आणखी अमुक अंश फिरवायचे, म्हणजे ते किंचित ताणले जातात. एकदा ताणला की तो बोल्ट गेला. सुटे भाग आणि बोल्ट मिळून 231 युरो. स्प्रिंगांपेक्षा जास्त.

मग तारखा जुळवणं. बदल केल्यावर गाडी घेऊन उगाच हिंडता येत नाही. तपासणीशी थेट संबंधित फेऱ्या तेवढ्या चालतात. म्हणून आधी शेवटची तारीख घेतली आणि उलटं मोजत आलो. तपासणी मंगळवार, 25 एप्रिल. व्हील अलाइनमेंट सोमवार, 24. बसवणं शनिवार, 22. त्याआधी ईस्टरला उन्हाळी टायर घालून झाले होते, 225/45 आर17, कंपनीचीच चाकं. चाकं बाहेरची असतील तर चाक आणि स्प्रिंग या जोडीचा वेगळा कागद लागतो, हे लक्षात असू द्या.

22 एप्रिल, अक्षय्य तृतीया. मुहूर्त बघून ठरवलं नव्हतं. लिफ्ट त्याच शनिवारी मोकळी होती. इथं भाड्याची गॅरेजं मिळतात. तेव्हा तासाला 18 युरो, लिफ्ट आणि साधी हत्यारं वापरा, खास हत्यारांचे वेगळे 15. सोबत माझा कोल्हापूरचा मित्र, ज्यानं कॉलेजात असल्यापासून गाड्या उघडल्यात. मजुरी ठरली: मिसळ. सांगलीकराच्या हातची चालेल का यावर वाटेत वाद.

सकाळी नऊला सुरुवात. पहिला दीड तास कशात गेला असेल? वायपरमध्ये. या गाडीत पुढच्या स्ट्रटचे वरचे बोल्ट काचेखालच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असतात. ते झाकण काढायचं तर वायपरचे हात काढावे लागतात, आणि दहा वर्षांचे हात आपल्या दांडीवर असे गंजून बसलेले, की नट काढला तरी हलेनात. मित्र हलवून बघत होता, मी काच फुटेल म्हणून ओरडत होतो. शेवटी गॅरेजच्या मालकानं एक छोटा पुलर आणून दिला, दोन वळसे, 'टक्' असा आवाज आणि हात मोकळा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, तास वाचेल. काढण्याआधी वायपर काचेवर कुठं टेकतात तिथं चिकटपट्टी लावून खूणही करा.

त्यानंतर काम शिस्तीत चाललं. स्ट्रट खाली, चाक ज्या लोखंडी भागावर बसतं त्या नकलमध्ये, एका चिरलेल्या कड्यात घट्ट बसलेला असतो. त्या चिरेत एक चपटं टोक घालून पान्यानं नव्वद अंशांत फिरवायचं, कडं केसभर उघडतं आणि स्ट्रट खाली सरकतो. हातोडीनं ठोकाठोक करायची गरज नाही. स्ट्रट टेबलावर आला की जुन्या स्प्रिंगला दाबयंत्र लावून आवळायची. ही एकच जागा अशी आहे जिथं मी मागं सरकून उभा राहिलो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा मोडण्याएवढी ताकद असते. ऑनलाइन मिळणारे दोन हुकांचे स्वस्त दाबक वापरू नका, आणि स्प्रिंगच्या रेषेत तोंड धरू नका.

नवी स्प्रिंग घालताना मित्रानं एक गोष्ट बजावली: "छापलेला नंबर सरळ वाचता आला पाहिजे, आणि बाहेरच्या बाजूला." प्रत्येक स्प्रिंगच्या एका वेढ्यावर पांढऱ्या अक्षरांत नंबर असतो. तपासनीस तोच वाचतो. दाबयंत्राच्या जबड्याखाली अक्षरं खरडली गेली तर स्प्रिंग तीच असून तिची ओळख संपली. आम्ही त्या वेढ्याला सोडून जबडे लावले आणि बसवण्याआधी चारही नंबरांचे फोटो काढले.

मागची बाजू सोपी वाटली. तिथं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. खालच्या आर्मचा बाहेरचा बोल्ट सोडवून आर्म खाली घेतला की स्प्रिंग हातात येते. शॉकअपही काढले, जुने चुरा झालेले बंप स्टॉप फेकले आणि नवे कोरे पिवळे घातले. छान दिसत होते. कौतुकानं त्यांचाही फोटो काढला.

एक गोष्ट मात्र कुठल्याही व्हिडिओत धड सांगत नाहीत, म्हणून इथं थांबतो. आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांच्यातला बोल्ट घट्ट केला की बुशची मधली नळी जागच्या जागी पकडली जाते, आणि मग आर्म हलला की रबर पिळवटतं. लिफ्टवर चाकं लटकत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच सगळी रबरं कायमची पिळलेल्या अवस्थेत राहतात. लवकर फाटतात, आणि गाडी पूर्ण बसतही नाही. म्हणून बोल्ट आधी हातानं लावायचे, मग गाडी चाकांवर उभी असताना असते त्या उंचीला आर्म खालून जॅकनं उचलून आणायचा आणि तेव्हा आवळायचे. ती उंची कळण्यासाठी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप आधी घेऊन ठेवायचं. आमचं पुढचं माप होतं 382 मिलिमीटर, मागचं 379. त्यातून 30 वजा करून जॅक लावला. हीच मापं पुढं तपासणीतही कामाला आली.

साडेपाचला गाडी खाली घेतली. पुढं 353, मागं 351. मूठ आडवी जाईना, तीन बोटं गेली. दोघंही काही बोललो नाही, नुसते गाडीभोवती फिरत होतो. गाडी दोन रात्री गॅरेजच्या अंगणातच ठेवली, रात्रीचे 5 युरो.

सोमवारी अलाइनमेंट. गाडी खाली आली की आर्मचे कोन बदलतात. चाकं वरून आत झुकतात, म्हणजे कॅम्बर वाढतो, आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलल्यानं 'टो', म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते मापही, हलतो. पडद्यावर आठपैकी पाच आकडे लाल. मागचा कॅम्बर उणे 2 अंशांच्या पलीकडे गेला होता. मागच्या आर्मला विकेंद्री बोल्ट असतो, तो फिरवून उणे दीडच्या आसपास आणला. पुढचा कॅम्बर या गाडीत सुटा लावता येत नाही, सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची चौकट, किंचित सरकवून दोन्ही बाजू सारख्या करतात. 115 युरो, एक तास, आणि आधी-नंतरच्या आकड्यांचा छापील कागद. तो कागद मागून घ्याच. दिव्यांची उंचीही तिथंच लावून घेतली, कारण गाडी खाली आली की प्रकाशाचा पट्टा जवळ पडतो. झेनॉन किंवा एलईडी दिवे असतील तर उंची मोजणाऱ्या सेन्सरची सेटिंग संगणकावरून परत करावी लागते, आणि काचेमागे लेनचा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन वेगळं. तेव्हा माझे साधे हॅलोजन मला पहिल्यांदाच आवडले.

मंगळवार, 25 एप्रिल, सकाळी साडेआठ. तपासनीस पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. अहवालाचा गठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि सरळ मागची पानं उघडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आधी सगळं सुरळीत. आरशानं आणि टॉर्चनं चारही नंबर वाचले. गाडी उचलून चाकं लटकवली, प्रत्येक स्प्रिंग हातानं फिरवून पाहिली. सैल नाही, ठीक. खाली घेऊन मापं. डिप्ड दिव्याची प्रकाश देणारी खालची कड जमिनीपासून किमान 500 मिलिमीटर हवी, मागच्या नंबरप्लेटची खालची कड किमान 300. दोन्हींत भरपूर जागा. मग एका तिरप्या ठोकळ्यावर पुढचं डावं चाक आणि दुसऱ्यावर मागचं उजवं चढवायला लावलं. गाडी अक्षरशः पिळली जाते. त्या अवस्थेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, टायर कुठं घासतो का. नाही घासला. मी मनातल्या मनात कोल्हापूरकराला मिसळीवर एक्स्ट्रा कट मंजूर केला.

तपासनीस मागच्या चाकाशी उकिडवे बसले. टॉर्च शॉकअपवर.

"बंप स्टॉप कापलेत?"

"नवे घातलेत," मी अभिमानानं सांगितलं. "फोटोपण आहे."

"नवे आहेत ते दिसतंय. कापलेत का?"

मी गप्प. त्यांनी पान 7 काढलं, चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मागच्या अ‍ॅक्सलचे मूळ बंप स्टॉप 20 मिलिमीटरनं आखूड करावेत, आकृती पाहा. खाली खरंच आकृती होती, मापासकट.

"हे ऐच्छिक नाही का?" मी विचारलं. त्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढं काही विचारलं नाही.

पण माणूस चांगला होता. मला वाकायला लावून दाखवलं. शॉकअपच्या दांड्यावर हा पिवळा फोमसारखा पॉलियुरेथेनचा ठोकळा असतो. गाडी खड्ड्यात आदळली की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो शेवटी दबतो. कंपनीनं त्याची लांबी मूळच्या उंचीसाठी ठरवलेली. आता गाडीच 30 मिलिमीटर खाली आली, म्हणजे शॉकअपचा दांडा तेवढा आधीच आत गेलेला. रिकाम्या गाडीत ठोकळा आणि शॉकअपचं टोपण यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरली होती. मागं दोन माणसं आणि बॅगा ठेवल्या की गाडी स्प्रिंगवर नाही, या ठोकळ्यावर चालणार. ओल्या रस्त्यावर वळणात एखादा उंचवटा आला की मागचं चाक उडणार. "आणि 20 म्हणजे 20," ते म्हणाले. "25 कापलेत तर भार भरल्यावर टायर वर मडगार्डला लागेल. कंपनीनं ते बघूनच हा आकडा लिहिलाय."

सही झाली नाही. 72 युरो भरले, त्रुटीचा कागद घेतला, महिनाभराची मुदत मिळाली. गाडी घरासमोर उभी केली आणि आठवडाभर ट्रेननं ऑफिसला गेलो. खरं सांगायचं तर फार ओशाळल्यासारखं झालं. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. कामावर दुसऱ्यांना "आधी स्पेसिफिकेशन वाचा" म्हणणारा माणूस मी.

रात्री सांगलीला फोन केला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पासिंगला नापास झालास म्हण की सरळ."

"मी नाही, गाडी."

"गाडीला काय वाचता येतंय?"

शनिवार, 29 एप्रिल. परत तेच गॅरेज, परत तोच मित्र, मिसळ मात्र पुढच्या खेपेला. शॉकअपचे वरचे दोन बोल्ट, खालचा एक, मग दांड्यावरचा नट, ठोकळा हातात. कुठल्या टोकाकडून कापायचं तेही आकृतीत होतं, ते दोघांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. कटरचं पातं या फोममध्ये वाकडं जातं. घरून आणलेली पाव कापायची दातेरी सुरी मात्र झकास चालली. ठोकळ्याभोवती चिकटपट्टीचा एक वेढा दिला, पट्टीच्या कडेला कड लावून हळूहळू सुरी फिरवत गेलो, मग मध्ये आरपार. दोन पिवळ्या चकत्या निघाल्या, भोकाच्या, मेदुवड्यासारख्या. व्हर्निअर लावून बघितलं: एक 20.1, दुसरी 19.8. त्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या. हे सगळं करायला अडीच तास लागले. पहिल्या दिवशी शॉकअप बाहेर टेबलावर असतानाच केलं असतं तर दहा मिनिटं.

2 मे, मंगळवार. तेच तपासनीस. गाडी उचलली, टॉर्च मारला, मोजलं, मान हलवली. मी पिशवीतल्या चकत्या पुढं केल्या. त्यांनी एक उचलून अंगठ्यानं दाबली, टेप लावला, परत दिली. "हे आणायची गरज नव्हती," म्हणाले, पण हसले. मग गाडी घेऊन स्वतः एक चक्कर मारून आले आणि सही केली. फेरतपासणी 20 युरो.

सही झाली की तपासणीचा कागद गाडीत ठेवून चालवता येतं. नोंदणीपत्रात बदल लगेच करायचा की पुढच्या वेळी कार्यालयात जाल तेव्हा, हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं. तो शेवटचा परिच्छेद वाचा. (मी वाचला. आता सगळंच वाचतो.) माझ्या कागदात पुढच्या वेळी केलं तरी चालेल असं होतं, तरी मी 17 मेची वेळ घेतली, कारण 18 तारखेला सुट्टी होती आणि पुढचे चार दिवस गाडी घेऊन जायचं होतं. नेलेले कागद: नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, तपासणीचा कागद, दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीचा मागचा अहवाल, पासपोर्ट आणि पत्त्याचा दाखला. आपल्या पासपोर्टवर सहसा इथला पत्ता नसतो, म्हणून दाखला विसरू नका. वीस मिनिटं थांबलो, बाईंनी टाइप केलं, 13 युरो. नव्या नोंदणीपत्रात रकाना 20 मध्ये गाडीची उंची कमी झाली आणि रकाना 22 मध्ये स्प्रिंगांचे नंबर आले, एवढ्या आखूड संक्षेपांत की ते जर्मन माणसालाही वाचता येऊ नयेत. विमा कंपनीला त्याच संध्याकाळी मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं की हप्त्यात फरक नाही. तो मेल छापून गाडीच्या फाइलला लावलाय.

एकूण हिशेब: स्प्रिंगा 219, सुटे भाग 231, पहिल्या दिवसाचं गॅरेज, हत्यारं आणि अंगण मिळून 178, अलाइनमेंट 115, तपासणी 72, नोंदणी 13. वर पान 7 न वाचल्याचे 89: लिफ्ट 45, नवे बोल्ट 24, फेरतपासणी 20. सगळे मिळून 917 युरो. त्यात मिसळ धरलेली नाही.

चालवायला फरक आहे, पण जाहिरातीएवढा नाही. वळणावर गाडी कमी झुकते. शहरातल्या दगडी फरशीच्या रस्त्यावर थोडी खडखडते, आणि बायकोच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. आमच्या तळघरातल्या पार्किंगच्या चढावर पूर्वी सरळ जायचो, आता जरा तिरपा जातो. अजून कुठं घासलेली नाही.

ऑगस्टमध्ये आईबाबा आले. विमानतळावर दोन मोठ्या बॅगा, एक लोणच्याच्या बरण्यांची पेटी, मागं आई आणि बायको. बाबा लगेच बसले नाहीत. आधी मागच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, फटीत तीन बोटं घालून बघितली. मग डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून सगळं वजन टाकलं आणि एकदम सोडलं. गाडी वर आली, एकदाच, आणि थांबली.

"बरं आहे," बाबा म्हणाले आणि हात झटकून पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावता लावता म्हणाले, "सांगलीला आणू नकोस फक्त हिला."